तुळईची शेवटची ओळ

वैजयंता पांचाळच्या हातात कुठलंही जुनं लाकूड दिलं तर ती आधी त्याचा वास घ्यायची, मग नखानं टोकरून बघायची आणि सगळ्यात शेवटी यंत्राकडे जायची. बावन्न वर्षांची ही बाई लाकूडघरात परीक्षक होती. यंत्र यायच्या आधीपासून होती. त्यामुळे यंत्राला ती सोबती मानायची, साहेब मानायची नाही.

लाकूडघर म्हणजे तालुक्याच्या गावाबाहेरचं चार एकरांचं आवार. सिमेंटवर कार्बनकर बसला तेव्हापासून मराठवाड्यात पुन्हा लाकडी सांगाड्याची घरं उभी राहायला लागली होती. खांब, खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, आणि सगळं खाचा पाडून, खुंट्या ठोकून एकमेकांत बसवलेलं. नवं लाकूड पुरेना, म्हणून मातीच्या सपाट छपरांच्या जुन्या माळवदांतून निघालेलं सागवान इथं यायचं. तपासणी व्हायची, दाखला मिळायचा आणि ते दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसायचं.

तपासणीच्या यंत्राचं सरकारी नाव भारस्मृतिमापी. आवारातली माणसं त्याला ‘मागचा जोशी’ म्हणत. एरवीचा जोशी पुढचं सांगतो आणि चुकतो. हा मागचं सांगायचा आणि सहसा चुकायचा नाही.

त्याचं मर्म वैजयंता लोकांना गोधडीवरून समजावून सांगायची. ओली गोधडी दोरीवर टाकली आणि तशीच वाळू दिली तर दोरीची घडी गोधडीत राहते. कोरडी गोधडी टाकली तर राहत नाही. लाकडाचंही तसंच. लाकडाची प्रत्येक पेशी ही एक नळी असते आणि तिच्या भिंतीत सुतळीच्या पिळासारखे तंतू गुंडाळलेले असतात. पावसाळ्यात लाकूड हवेतला ओलावा पितं, उन्हाळ्यात सोडतं. अंगावर ओझं असताना ही ओल-वाळ झाली की तंतूंचा पीळ केसाच्या हजाराव्या भागाएवढा सरकतो आणि मग कधीच जागेवर येत नाही. ओझं जास्त तर सरकणं जास्त. दर पावसाळ्याला एक ओळ. यंत्र वेगवेगळ्या कोनांतून सौम्य क्ष-किरण सोडून हे पीळ मोजायचं, जिल्ह्याच्या पावसाच्या नोंदींशी ताडून बघायचं आणि सांगायचं, अमुक वर्षी या तुळईवर इतकं ओझं होतं.

हेतू साधा होता. लाकूड किती थकलंय ते कळावं. पण ओझं म्हणजे घरातली माणसंच की. एका कडीवर अकरा वर्षं, मधूनमधून, एकाच जागी थोडासा भार निघाला. घरातल्या म्हातारीनं बोटं मोजून सांगितलं, तो पाळणा होता, सात लेकरांचा. सगळे हसले. पण पुढच्याच महिन्यात एका बड्या घरची तुळई आली. बहात्तरच्या दुष्काळात आमच्याही घरात दाणा नव्हता असं त्या घरात तीन पिढ्या सांगत होत्या. तुळई म्हणाली, त्या साली माळ्यावर नेहमीपेक्षा दुप्पट वजन होतं. दाखला सगळ्यांना बघता येई, त्यामुळे गावालाही ते कळलं. त्यानंतर काही घरांतून लाकूड यायचंच बंद झालं. रातोरात सरपण झालं म्हणे.

वैजयंताला याचं नवल वाटायचं आणि गंमतही. लाकूड खोटं बोलत नाही, माणसं विचारत नाहीत एवढंच, असं ती म्हणायची. हे वाक्य तिच्या अंगाशी येणार होतं.

भाद्रपदातल्या एका सकाळी निंबाळवाडीचा बसवराज बिराजदार ट्रॅक्टरमधून एक सागवानी तुळई घेऊन आला. चौदा फूट लांब, हातभर जाड.

“काकूची हाय,” तो म्हणाला. “प्रयागबाई बिराजदार. भूकंपात घर गेलं, माणसं गेली, एवढी तुळईच राहिली. अठ्ठेचाळीस वर्षं शेतात पत्र्याखाली ठेवली होती तिनं. आता दोन खणांचं घर बांधायचंय तिला, आणि म्हणते, हीच तुळई पाहिजे.”

वैजयंताचा हात तुळईवर होता, तो तिथंच थांबला. निंबाळवाडीतलं बिराजदारांचं घर तिच्या वडिलांनी बांधलेलं होतं. वयाच्या एकविसाव्या वर्षी, कुणाच्या हाताखाली न राहता उभं केलेलं त्यांचं पहिलं घर. भूकंपात ते पडलं आणि त्यात प्रयागबाईंचा नवरा महालिंग आणि दोन मुलं गेली. त्यानंतर रंगनाथ पांचाळांनी हत्यारं पोत्यात बांधली, गाव सोडलं आणि तालुक्याला येऊन सायकली दुरुस्त करायला लागले. वैजयंता तेव्हा चार वर्षांची होती. तिनं वडिलांना रंधा हातात घेतलेलं पाहिलेलंच नव्हतं. लहानपणी एकदा तिनं कारण विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, “माणसाच्या डोक्यावर आपण काही ठेवायचं नाही. सायकल माणसाच्या खाली असते.”

“तीन बाजू मीच साफ करून आणल्यात,” बसवराज सांगत होता. “वरच्या बाजूला मात्र माती चिकटलीय जुनी. निघेना.”

“असू द्या,” वैजयंता म्हणाली. “चार दिवसांनी या.”

दुपारी तिनं तुळई यंत्रावर चढवली. पडद्यावर आलेख हळूहळू उमटायला लागला. अठ्ठ्याहत्तरपासून ओळी सुरू झाल्या. सुरुवातीला भार बेताचा. मग दर वर्षी थोडा थोडा वाढत गेलेला. हे तिच्या ओळखीचं होतं. माळवद गळू नये म्हणून लोक दर उन्हाळ्यात पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचे, आणि जुना कुणी काढायचं नाही. घराच्या डोक्यावरचं ओझं असं पिढीबरोबर वाढत जायचं.

एक्याण्णवला मात्र आलेखानं उडी मारली. तुळईच्या मध्यावरचा ताण एकदम तिप्पट. लाल रेघेच्या वर.

तिनं मोजणी पुन्हा केली. उडी तशीच. अशी उडी मातीच्या थरानं येत नाही. ती एकाच गोष्टीनं येते. तुळईच्या मध्याखालचा खांब कुणीतरी काढला होता. त्र्याण्णवच्या पावसाळ्यात आलेख संपत होता आणि खाली यंत्रानं आपला निष्कर्ष मांडला होता: मधला आधार काढल्यानंतर मर्यादेबाहेर भार, सांधे सुटून सांगाडा कोसळल्याची शक्यता.

या ओळीखाली परीक्षकाची सही लागायची आणि मग ती सगळ्या जगाला दिसायची. पडद्याच्या कोपऱ्यात आणखी एक पर्याय होता, ‘वाचन अपूर्ण’. तो दाबला की लाकूड भुशाच्या यंत्रात जायचं आणि कुणी काही विचारायचं नाही. पाच वर्षांत वैजयंतानं तो चारदा वापरला होता, चारही वेळा वाळवी लागलेल्या लाकडासाठी. तिनं बोट तिथपर्यंत नेलं. मग यंत्र बंद केलं आणि ती वडिलांच्या दुकानाकडे चालत निघाली.

रंगनाथ पांचाळ चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. आता सायकली विजेवर चालत, पण चाकाचा वाकडेपणा काढायला लोक अजून त्यांच्याकडेच येत. ते स्टुलावर बसून चाक फिरवत होते.

“अण्णा,” ती समोरच्या खोक्यावर बसत म्हणाली, “बिराजदारांच्या घरातला मधला खांब कुणी काढला होता?”

चाक फिरत राहिलं. त्यांनी ते थांबवलं नाही, आपोआप थांबू दिलं.

“तुला कुणी सांगितलं?”

“तुळईनं.”

त्यांनी हातातला पान्हा गुडघ्यावर आडवा ठेवला. मग म्हणाले, “मीच काढला. महालिंगनं पिठाची गिरणी आणली होती. पट्टा खांबाला घासायचा. मी नको म्हणालो. तो म्हणाला, मिस्त्री, तू नाही काढलास तर मी दुसऱ्याकडून काढीन. मला वाटलं, दुसरा आणि घाण करून ठेवील. म्हणून मी काढला. दोन बाजूंनी तिरपे टेकू दिले, तुळईपासून कडेच्या खांबांपर्यंत. आणि दोन वर्षांनी ते घर त्या लेकरांवर बसलं.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“कुणी विचारलं नाही.” त्यांनी पान्हा पेटीत ठेवला. “दाखल्यावर काय लिहिणार आहेस?”

“अजून ठरवलं नाही.”

“ठरवायचं काय त्यात? जे आहे ते लिही. माझ्या नावासकट लिही.”

ती रात्र आणि दुसरा अख्खा दिवस वैजयंता अस्वस्थ होती. वडिलांनी सांगितलं ते तिला पटलं होतं, त्याचा तिला राग नव्हता. पण त्यांच्या बोलण्यातली एक गोष्ट डोक्यातून जाईना. तिरपे टेकू. निंबाळवाडीच्या बाजूला जुन्या माळवदांत तिरपं लाकूड तिनं कधी पाहिलं नव्हतं. सगळं उभं आणि आडवं. चौकटीला कोपऱ्यात तिरपा आधार नसला तर ती हादऱ्यात खाटेसारखी लचकते आणि आडवी होते. तिरपा आधार असला तर त्रिकोण तयार होतो, आणि त्रिकोण लचकत नाही. हे आता शाळेत शिकवतात. मग ते दोन टेकू हादऱ्यात काय करत होते?

आणि दुसरी गोष्ट. तुळई अखंड होती. घर बसलं असतं तर ती किमान चिरली तरी असती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती तुळईजवळ जाऊन उभी राहिली आणि यंत्रानं काय वाचलं नाही याचा विचार करू लागली. यंत्र गाभा वाचतं. पावसाळ्याचे चार महिने ओल आत शिरत जाते तेव्हा गाभ्यात ओळ उमटते. चार-पाच दिवसांची ओल तिथवर पोचतच नाही. ती वरच्या सालपटात, जेमतेम दोन कागदांच्या जाडीत राहते. भूकंप झाला त्या पहाटेनंतर काय झालं हे गाभ्याला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. ते फक्त कातडीला ठाऊक असणार. तीन बाजूंची कातडी बसवराजनं तासून टाकली होती. वरची बाजू तेवढी उरली होती, मातीखाली.

तिनं खोलीतला पंखा बंद केला, माती पाण्यानं न भिजवता मऊ कुंच्यानं कण कण उतरवली. त्याला दुपार झाली. मग यंत्राची नजर अगदी उथळ ठेवून तिनं बोटभर जागा वाचायला घेतली.

आधी चुण्या दिसल्या. जोराच्या हादऱ्यानं तंतू दुमडतात, त्याच्या बारीक आडव्या चुण्या. तो भूकंप. आणि त्या चुण्यांवरून गेलेली एक ओळ. ओलाव्याची, सरकलेल्या पिळाची ओळ.

वैजयंता खुर्चीत मागे टेकली. दुमडलेल्या कापडावर हळदीचं बोट ओढलं तर घडीच्या आत हळद लागत नाही, घडीवरून जाते. कोण आधी आणि कोण नंतर ते लगेच कळतं. चुण्या आधीच्या होत्या. ओळ नंतरची. आणि ओळ उमटायला अंगावर ओझं लागतं. तिनं ओझं मोजलं. कड्या, माती, सगळं, पुरेपूर.

भूकंपानंतर पाऊस झाला होता. नोंदवहीत तो होता. तो पाऊस पडत असताना ही तुळई छप्पर घेऊन उभी होती. टेकू जिथं लागले होते त्या दोन जागाही तिनं वाचल्या. तिथले तंतू खालून वर दाबले गेले होते, तुळई तोलून धरल्यासारखे. दगडी भिंती पडल्या असतील. सांगाडा पडला नव्हता. तो नंतर माणसांनी, ढिगारा उपसताना, यंत्रं लावून ओढून पाडला असणार.

संध्याकाळी तिनं अण्णांना लाकूडघरात आणलं आणि पडद्यासमोर बसवलं. सगळं समजावून सांगितलं, गोधडी आणि हळदीसकट. त्यांनी दोनदा प्रश्न विचारले आणि दोन्ही अचूक होते. पण चेहऱ्यावर काही हललं नाही.

“तुझं यंत्र आहे,” ते म्हणाले. “तू माझी लेक आहेस. तुला बरं वाटेल असंच तू वाचणार.”

“अण्णा, मी तीनदा मोजलंय.”

“मी पण खांब काढण्याआधी तीनदा मोजलं होतं.”

ते उठून तुळईकडे गेले. टेकूच्या खाचेत त्यांनी अंगठा घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग विचारलं, “ती बाई कुठल्या अंगाला सापडली होती?”

“कोण?”

“प्रयागवहिनी. त्या घरात जिवंत निघाली ती. घर उभं होतं की नव्हतं हे तुझ्या यंत्राच्या आधी तिला माहीत असणार. उद्या मला तिकडं घेऊन चल.”

त्या घराच्या मालकिणीला गाठायला त्यांना अठ्ठेचाळीस वर्षं लागली होती. गाडीनं ते अंतर पाऊण तासाचं निघालं. निंबाळवाडी आता जुन्या जागेपासून दोन किलोमीटरवर वसलेली होती. प्रयागबाई बसवराजच्या घरासमोर, लिंबाच्या सावलीत खाटेवर बसल्या होत्या. बारीक चणीची, एकोणऐंशी वर्षांची बाई, नजर स्वच्छ. गाडीतून उतरणारा म्हातारा त्यांनी लांबूनच ओळखला.

“मिस्त्री आले व्हय,” त्या म्हणाल्या. “बसा. बसवराज, खुर्ची आण.”

रंगनाथ खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, “वहिनी, मला एक विचारायचंय. विचारायचा अधिकार नाही मला.”

“इचारा की.”

“त्या पहाटे घर पडलं का?”

प्रयागबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग वैजयंताकडे. बसवराज खुर्ची घेऊन तसाच दारात थांबला.

“भिंती पडल्या,” त्या म्हणाल्या. “पाहुणे यायचे होते, पीठ संपलं होतं. मी गिरणीजवळ झाडून घ्यायला उठले होते. हे आणि लेकरं भिंतीकडं निजले होते. भिंत आली, मिस्त्री. डोंगर आल्यावानी आली. लाकूड न्हाई आलं. लाकूड माझ्या डोक्यावर तसंच होतं.”

“दिसत होतं तुम्हाला?”

“दिसंल कशानं, धुरळाच धुरळा. हात लावून बघितलं. तुमचा तो तिरपा टेकू हाताला लागला. त्यालाच धरून बसले. दुसऱ्या दिवशी पाऊस लागला. तुळईवरनं पाणी ठिबकायला लागलं, ते तोंडात घेतलं. तिसऱ्या दिवशी लष्कराच्या पोरांनी काढलं. मला बाहेर घेतलं आणि मग मागं दोर लावून घर ओढलं. ते मी डोळ्यांनी बघितलं.”

वैजयंताच्या डोळ्यांपुढे ती ओळ आली, कागदाच्या जाडीएवढी. ते पाणी दोघींनी प्यालं होतं, तुळईनं आणि या बाईनं.

“तुम्ही सांगितलं नाही कुणाला?” तिनं विचारलं.

“कुणाला सांगू? दोन महिने दवाखान्यात होते. परत आले तर मिस्त्री गाव सोडून गेलेले. मग कुठं लग्नाकार्यात दिसले की मांडवाच्या मागनं निघून जायचे. मला वाटायचं, नवरा आणि लेकरं खाऊन बसलेल्या बाईचं तोंड बघायचं नसंल त्यांना.” त्या रंगनाथांकडे वळल्या. “आणि मला वाटलं, घर तुम्ही बांधलेलं, तुम्हाला ठाऊक असंल.”

रंगनाथ आता खुर्चीवर बसले. बसवराजनं ती कधी ठेवली ते कुणाला कळलं नव्हतं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. अठ्ठेचाळीस वर्षं हे माहीत असलेलं एक माणूस पाऊण तासाच्या अंतरावर राहत होतं, आणि जगातलं सगळ्यात शहाणं यंत्र येईपर्यंत दोघांपैकी कुणी रस्ता ओलांडला नव्हता.

“खांब मी काढायला नको होता,” ते अखेर म्हणाले.

“खांब राहिला असता तर गिरणी आली नसती,” प्रयागबाई म्हणाल्या. “गिरणी नसती तर ते लोक मधे निजले असते, पण टेकू नसते तर लाकूडच अंगावर आलं असतं. मी हे सगळं फिरवून फिरवून बघितलंय, मिस्त्री. लई वर्षं बघितलंय. त्याचं टोक सापडत न्हाई. तुम्ही आता शोधू नका.”

वैजयंतानं पिशवीतून दाखल्याचा मसुदा काढला. खांब काढला हे तिनं लिहिलं होतं, कुणी काढला तेही. भार मर्यादेबाहेर होता हे लिहिलं होतं. आणि खाली, हादऱ्यानंतर सांगाडा पूर्ण भारासह उभा, असंही लिहिलं होतं. तिनं ते वाचून दाखवलं. मग म्हणाली, “काकू, ही तुळई दोन वर्षं फार ताणली गेलीय. नियमाप्रमाणे मुख्य तुळई म्हणून देता येत नाही. लांबी कमी केली तरच देता येईल.”

“कापायची न्हाई,” प्रयागबाई म्हणाल्या.

“कापायला कशाला पाहिजे,” रंगनाथ म्हणाले. ते एकदम बोलले, आणि स्वतःच थोडे दचकले. “दोन्हीकडून टेकू घ्यायचे. तुळई तेवढीच राहते, मधला मोकळा भाग कमी होतो. टेकू दिला की नियमात बसतं ना, वैजू?”

वैजयंतानं मनात मांडणी केली. चौदा फुटांतले साडेतीन-साडेतीन फूट टेकूंवर गेले तर मध्ये सात उरत होते.

“बसतं,” ती म्हणाली.

“खरं सांगू का, वहिनी,” रंगनाथ म्हणाले. त्यांचा उजवा अंगठा डाव्या तळहातावर काहीतरी मोजत होता. “टेकूच्या टोकाला आम्ही जीभ काढतो, खाचेत बसायला. कुसू म्हणतो त्याला. त्या टेकूंचं कुसू मी दीड इंचच ठेवलं होतं. दोन ठेवायला पाहिजे होतं. महालिंगला घाई होती, मलाही होती. इतकी वर्षं ते दीड इंच माझ्या डोळ्यापुढनं हललं नाही. कमी पडलं, असंच धरून चाललो मी.”

प्रयागबाईंनी हात पुढे केला आणि त्यांच्या तळहातावर फिरणारा तो अंगठा धरून थांबवला.

“मला पुरलं,” त्या म्हणाल्या.